त्याचं नव्हतं ते

"मेलं का?" मी विचारलं.

माझा वाटाड्या देवाजी पुढे वाकून पाहत होता. दुर्बीण माझ्या हातात होती. त्याला ती कधीच लागत नसे. नाल्यापलीकडच्या मोहाच्या मोठ्या झाडावर कवडी ही वानरी बसली होती आणि तिच्या मांडीत तिचं दोन महिन्यांचं काळं पिल्लू पडलं होतं. तिनं त्याला उचलून पोटाशी लावलं. त्यानं पकड घेतली नाही, घसरलं. तिनं पुन्हा उचललं.

पाच मिनिटांपूर्वी ते पिल्लू तिच्या अंगावर पीत होतं. तेवढ्यात वरच्या फांदीवरून टोळीतला नवा नर, तुटकान्या, उतरला होता, नुसतं शेजारून पुढे जायचं असल्यासारखा. मग त्यानं झेप घेतली. कवडी किंचाळली, दुसऱ्या दोन माद्या त्याच्या अंगावर धावून गेल्या, फांद्या हलल्या, आणि तो बाजूला झाला तेव्हा पिल्लू त्याच्या दातांतून सुटून कवडीच्या मांडीत पडत होतं. सगळं मिळून दहा सेकंद लागले असतील. मी घड्याळ पाहून सात बेचाळीस लिहिलं. मला वाईट वाटत होतं, पण खरं सांगायचं तर नुसतं वाईटच वाटत नव्हतं. या टोळीतली दोन पिल्लं त्याआधीच्या पंधरवड्यात नाहीशी झाली होती, पण मारताना कुणी पाहिलं नव्हतं. 'ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं लिहा,' असं माझे सर दर पत्रात बजावत होते. आता मी पाहिलं होतं.

"त्यानं असं का केलं असेल?" मी म्हणाले. देवाजीला विचारत नव्हते, स्वतःशीच बोलत होते.

"त्याचं नव्हतं न ते, बाई," देवाजी म्हणाला. ही वाट कुठं जाते असं विचारल्यावर जसं सांगतात, तशा आवाजात.

याला आता छत्तीस वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि वानरांवर प्रबंध लिहायला पुण्याहून चिचटोल्याला आले होते. पूर्व विदर्भातलं जंगलाच्या कडेचं साठ घरांचं गाव, आणि गावाबाहेर वनखात्याचं रेस्ट हाउस. तिथली एक खोली मला दिली होती. वानरांच्या टोळीत पंधरा-वीस माद्या आणि त्यांची पिल्लं असतात, आणि बहुतेक वेळा एकच मोठा नर, ज्याला आपल्याकडे हुप्प्या म्हणतात. बाहेरचा एखादा नर येऊन जुन्या हुप्प्याला हाकलतो आणि टोळी ताब्यात घेतो. त्यानंतर टोळीतली अंगावर पिणारी पिल्लं मरायला लागतात. कारण सरळ होतं आणि भयंकर होतं: पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते, आणि पुढचं पिल्लू नव्या नराचं असतं. त्या काळी पुष्कळ विद्वानांना हे पटत नव्हतं. पिल्लं गर्दीत चिरडत असतील, अपघात असतील, असं म्हणत. देवाजी कोडापे चौथीपर्यंत शिकलेला होता आणि त्यानं ते पाच शब्दांत सांगून टाकलं होतं.

देवाजी माझा वाटाड्या होता. पस्तिशीचा, उंच, कमी बोलणारा गोंड माणूस. टोळी रात्री कुठल्या झाडावर झोपली ते तो पहाटे मला दाखवायचा. मी दुसऱ्या टोळीकडे गेले की या टोळीची नोंद तोच ठेवायचा, शाळेच्या वहीत, पेन्सिलीनं, मोठ्या मोठ्या अक्षरांत.

त्या दिवशी परतताना पाणी प्यायला मी त्याच्या घरी थांबले. त्याची बायको शेवंता अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. बाजेवर दीड वर्षाची मुलगी बसली होती, मैना. रडत नव्हती, पण रडून थकलेल्या मुलाचा चेहरा होता तिचा. तिनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते. मी जवळ जाऊन पाहिलं. दोन्ही तळहात पुरीसारखे फुगले होते.

"काय झालं हिला?"

शेवंतानं नवऱ्याकडे पाहिलं.

"पडली," देवाजी म्हणाला.

मी पाणी प्याले आणि निघाले. वाटेत मनात आलं, पडल्यावर एक हात सुजतो. दोन्ही हात, सारखे, बोटांच्या मुळापर्यंत कसे सुजतील? आणि बायकोनं आधी त्याच्याकडे का पाहिलं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठवरे आले. वनरक्षक होते, स्वभावानं गप्पिष्ट. मी सहज विचारल्यासारखं दाखवून मैनाचा विषय काढला.

"ती कुठी देवाजीची हाये," ते म्हणाले. "बाजीराव सिडामची पोरगी ती. कोसमटोल्याचा. दोन वर्षं झाले मरून, तापानं गेला. शेवंता पोटुशी होती तवा. सासरच्यांनी ठेवली नाही तिले. मग देवाजीनं पाट लावून बायको केली तिले."

"देवाजीला स्वतःचं मूल नाही?"

"अजून तरी नाही. आता होईल न." ते थोडं थांबले. "काहून विचारता?"

"असंच," मी म्हणाले.

त्या आठवड्यात सरांचं पत्र आलं. माझी नोंद वाचून ते खूश होते. सोबत त्यांनी एका परदेशी लेखाची प्रत पाठवली होती. आपण आणि वानर एकाच जुन्या घराण्यातले, तेव्हा त्यांच्यात दिसतं ते आपल्यात अजिबात नसेल असं कशावरून, असा त्याचा सूर होता. शेवटी काही आकडे होते: कुठल्याशा देशात सावत्र बापाच्या घरात वाढणाऱ्या लहान मुलांना होणारी मारहाण. मी तो लेख तीनदा वाचला. डोळे मिटले की कवडीच्या मांडीतलं पिल्लू दिसायचं, आणि देवाजीचा तो सपाट आवाज ऐकू यायचा. त्याचं नव्हतं न ते.

मी देवाजीला काही विचारलं नाही. प्राण्याचा अभ्यास करताना आपण पाहतोय हे त्याला जाणवू द्यायचं नाही, जाणवलं की तो वागणं बदलतो, असं आम्हाला शिकवलेलं होतं. मी माझ्या वहीची मागची चार पानं वेगळी काढली आणि तिथं देवाजीच्या घराच्या नोंदी करू लागले. तारीख, वेळ, मुलगी कशी दिसली, कोण जवळ होतं. आज हे लिहितानाही मला त्या पानांची लाज वाटते, पण तेव्हा मी कर्तव्य करत होते.

नोंदी वाढत गेल्या. आठ एप्रिलला हातांची सूज उतरली होती. अठराला पावलं सुजली, दोन्ही.

"पुन्हा पडली का?" मी देवाजीला विचारलं.

"हाव."

"कुठून?"

"बाजेवरून."

बाज जमिनीपासून हातभर उंच होती. आम्ही टोळीमागे चालत राहिलो, आणि माझी नजर सगळा वेळ त्याच्या हातांवर होती. मोठे, काळपट, नखं फुटलेली. त्या हातांना मी तीन महिने ओळखत होते. त्यांनी मला दोनदा घसरताना धरलं होतं. आता मला ते वेगळेच वाटू लागले.

मग मंगळवारची गोष्ट कळली. ठवरेच म्हणाले, "तुमचा देवाजी मंगळवारी जंगलात नसते वाटते. दोन मंगळवार झाले, मी त्याले सकाळी आठच्या सुमारास फाट्यावर पाहिलं, एसटीची वाट पाहत. पोरगी खांद्यावर. बायको संगं नाही."

"कुठं नेतो तिला?"

"काय माहीत. मी विचारलं तर म्हणते, काम हाये." ठवऱ्यांनी आवाज खाली आणला. "लोकं कायबी करतात, म्याडम. कोणी पोरी देऊनबी टाकतात कोणाले."

मंगळवारी मी दुसऱ्या टोळीकडे असायचे. मी खोलीत जाऊन देवाजीची वही उघडली. दोन्ही मंगळवारच्या नोंदी तिथं होत्या, व्यवस्थित, वेळेसकट. त्यांतली एक मला अजून तोंडपाठ आहे. 'सकाळी ८. तुटकान्या आला. लांडी मधी बसली. चार वेळा आला, चार वेळा बसली. लांडीले पिल्लू नाही तरी बसली.' लांडी म्हणजे टोळीतली सगळ्यांत म्हातारी मादी. पिल्लं होण्याचं तिचं वय सरलेलं होतं. ती जीव धोक्यात घालून दुसरीच्या पिल्लासाठी आडवी बसेल, हे मला अशक्य वाटलं. शिवाय त्या वेळी देवाजी फाट्यावर होता. मी लाल पेनानं दोन्ही नोंदींवर काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'खोटी'.

जो वानरांबद्दल खोटं लिहितो, तो मुलीबद्दल खरं कशाला सांगेल? त्या दिवसापासून त्याचं कुठलंच वागणं मला साधं वाटेना. तो गप्प असला तर लपवतोय असं वाटायचं, आणि हसला तरी तेच.

शेवटचं निमित्त एका दुपारी घडलं. मी देवाजीच्या घरामागच्या वाटेनं येत होते. आतून मैनाचा आवाज आला. साधं रडणं नव्हतं ते, श्वास अडकेपर्यंतचं किंचाळणं होतं. मी कुडाच्या फटीतून पाहिलं. देवाजी जमिनीवर बसला होता. मैना त्याच्या मांडीवर होती आणि त्यानं तिचे दोन्ही पाय हातांत घट्ट धरले होते. ती सुटायला धडपडत होती, तो सोडत नव्हता. त्याचा चेहरा माझ्याकडे नव्हता. शेवंता दाराशी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

आत जाऊन "काय करतोस?" असं विचारायला मला सात पावलं लागली असती. मी ती टाकली नाहीत. परत फिरले, आणि वहीत वेळ लिहिली.

बुधवारी बाजार भरायचा. कोसमटोल्याचे लोक तिथं यायचे. मी ठवऱ्यांना विचारून महागू सिडामला, म्हणजे मैनाच्या काकाला, शोधून काढलं. चाळिशीचा, जाड आवाजाचा माणूस होता तो. मी त्याला एका बाजूला घेतलं. माझं नाव कुठं येऊ नये असंही सांगितलं.

"तुमच्या भावाच्या मुलीला तिथं ठेवू नका," मी म्हणाले. "तिच्या हातापायांना सारखं काहीतरी होतंय. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मारते तो?"

"पाहिलंय म्हटलं ना."

मारताना मी पाहिलं नव्हतं. पण तो शब्द मी खोडलाही नाही.

गुरुवारी दुपारी महागू पोलीस पाटलाला आणि आणखी दोघांना घेऊन चिचटोल्याला आला. चार घरांतली माणसं अंगणात जमली. मी कुंपणाबाहेर, माणसांच्या मागे उभी होते.

"पोरीचे पाय दाखव," पाटील म्हणाले.

देवाजीनं मैनाला पुढे केलं. पावलं अजून सुजलेली होती.

"कशानं झालं?"

"पडली."

"दोन्ही पाय एकदमच पडले?"

शेवंता पुढे आली. "पाटील, मी सांगते..."

"चूप राह्य," देवाजी म्हणाला. मोठ्यानं नाही, पण असं की ती जागच्या जागी थांबली.

माझ्या सगळ्या शंका त्या दोन शब्दांनी मिटल्या. पाटलांनी ठरवलं की पोरगी सिडामांची आहे, सध्या काकाकडे राहू दे, पुढचं पंचायतीत पाहू. महागूनं तिला उचललं. तिनं दोन्ही हात पसरले ते शेवंताकडे नाही, देवाजीकडे. मी ते स्पष्ट पाहिलं. पण मार खाणारी पिल्लं मारणाऱ्यालाच जास्त बिलगतात, असं मी कुठंतरी वाचलेलं होतं, आणि तेच मला त्या वेळी आठवलं.

"पाणी पाजत जा तिले," देवाजी महागूच्या मागे चालत म्हणाला. "लय पाणी पाजत जा. उन्हात नको नेऊ."

"आता शिकवतो का मले?" महागू म्हणाला आणि निघून गेला. एप्रिलचं ऊन होतं. कोसमटोला पायी तीन तासांवर.

त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

शुक्रवारी देवाजी कामावर आला नाही. शनिवारीही नाही. शनिवारी सकाळी रेस्ट हाउसच्या पायरीवर शेवंता येऊन बसली. ती आजवर तिथं कधी आली नव्हती. तिच्या हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले कागद होते.

"बाई, तुमाले वाचता येते," ती म्हणाली. "हे महागूले वाचून दाखवा. माहं तो ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

मी कागद उलगडले. जिल्ह्याच्या दवाखान्याचे केसपेपर होते. नाव मैना. वय दीड वर्षं. वडिलांचं नाव, देवाजी कोडापे. तारखा पाहिल्या. सगळे मंगळवार होते. खाली डॉक्टरच्या अक्षरात लिहिलं होतं, सिकल सेल. हातापायांना सूज, वेदना. रोज एक पिवळी गोळी. भरपूर पाणी. ऊन आणि थंडी टाळा. सूज आल्यावर कोमट पाण्यात भिजवून पाय हलके दाबा. आणि त्याखाली दोन रेघा मारून: पोट फुगलं किंवा मुलगी पांढरी पडली तर ताबडतोब आणा.

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अक्षरं नीट दिसेनात.

"मग तो पडली असं का सांगत होता?" मी विचारलं. "आजार आहे म्हणून सांगायचं ना."

शेवंता पदराशी चाळा करत राहिली.

"डाक्टर म्हणाला, हा आजार रगताचा हाये. अर्धा मायकडून येते, अर्धा बापाकडून. तो तर मेला. राहिली मी." ती थांबली. "माही पहिली सासू म्हणत होती, हिनं नवरा खाल्ला. आता कळलं असतं तर म्हणली असती, पोरगीबी खाते. गावात पाणी भरू दिलं नसतं मले. देवाजी म्हणाला, कोणाले सांगायचं नाही. मी म्हटलं, लोकं म्हणतील तू मारतोस. तर म्हणाला, म्हणू दे. माहं काय जाते."

ती पायरीवर होती, मी तिच्या शेजारी बसले.

"परवा मी सांगणारच होती पाटलाले," ती म्हणाली. "त्यानं चूप केलं."

मी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मंगळवारी तू का जात नव्हतीस दवाखान्यात?"

"मी टोळीमागे जात होती न," ती म्हणाली. तिला वाटलं मला ठाऊक आहे. "तुमची नोंद बुडू नये म्हणून. दवाखान्यात बाईमाणसाचं कोणी ऐकत नाही, म्हणून हे पोरीले घेऊन जात, मी जंगलात. सांजेले मी सांगितलं ते हे वहीत लिहीत. चुकलं काही त्यात?"

"नाही," मी म्हणाले. "चुकलं नाही."

त्या दिवशी रेस्ट हाउसवर रेंजरसाहेबांची जीप आली होती. मी त्यांच्यापुढे कागद धरले. त्यांनी फार काही विचारलं नाही, ड्रायव्हरला हाक मारली. वाटेत शेवंता माझ्या शेजारी बसली होती. मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिला अजून माहीत नव्हतं की महागूकडे कोण गेलं होतं.

कोसमटोल्यात महागूच्या घरासमोर चिंचेखाली देवाजी बसलेला दिसला. गुरुवारी तो त्यांच्या मागोमाग आला होता आणि तेव्हापासून तिथंच होता. त्याच्याजवळ पाण्यानं भरलेली कळशी होती. महागूनं त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. तो दर थोड्या वेळानं उंबऱ्यापर्यंत पाणी नेऊन ठेवत होता आणि घरातल्या बायकांना विचारत होता, पाजलं का.

आम्हाला पाहून महागू स्वतःच बाहेर आला. त्याचा जाड आवाज बसला होता.

"सकाळपासून रडतबी नाही," तो म्हणाला. "कशी तरी करून रायली."

मी कागद वाचायला सुरुवात केली. पहिल्या चार ओळी वाचल्या असतील, तोवर देवाजी उठला, कुणाला न विचारता घरात गेला आणि मैनाला घेऊन बाहेर आला. कुणी त्याला अडवलं नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि पोट डाव्या बाजूनं ताठ फुगलं होतं. तिची मान त्याच्या दंडावरून खाली लोंबत होती. त्यानं हातानं ती वर धरली. मी पुढचं वाचू शकले नाही.

जिल्ह्याच्या गावाला पोहोचायला दीड तास लागला. महागूही जीपमध्ये बसला होता. दवाखान्यात डॉक्टरनं मैनाचं पोट दाबून पाहिलं आणि नर्सला भराभर काहीतरी सांगितलं.

"प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, रक्त अडकलंय," तो आम्हाला म्हणाला. "लगेच रक्त चढवायला हवं. दोन दिवस पाणी नीट मिळालं नाही का हिला?"

महागू भिंतीशी सरकला.

नर्स कागद घेऊन आली. "मुलीचे वडील कोण? इथं सही लागेल."

देवाजी जागचा हलला नाही. त्यानं महागूकडे पाहिलं. परवाच चार माणसांसमोर ठरलं होतं की पोरगी सिडामांची. महागूच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्यानं तो पुसला.

"हा," तो देवाजीकडे हात करून म्हणाला. "हाच बाप हाये."

देवाजीनं वहीत लिहायचा तशा मोठ्या अक्षरांत सही केली.

रक्त चढू लागल्यावर आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. शेवंता आत बसली. महागू चहा आणायला गेला. व्हरांड्यात बाकावर देवाजी आणि मी, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसलो होतो. दोन तास गेले असतील. मग नर्सनं येऊन सांगितलं की मुलीनं डोळे उघडले आहेत आणि पाणी मागतेय. देवाजीनं मान हलवली. हात गुडघ्यांवर ठेवून तो तसाच बसून राहिला.

"देवाजी," मी म्हणाले, "महागूला मी सांगितलं होतं. बाजारात."

"मले माहीत हाये जी."

"कधीपासून?"

"गुरुवारी तुम्ही कुंपणामागे उभ्या होत्या. तवाच समजलं."

मी म्हणाले, "मग तेव्हा का नाही सांगितलंस? मला एकटीला तरी सांगायचंस. मी काय गावात जाऊन बोलले असते?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. जंगलात एखादी खूण मला दिसली नाही की तो तसा पाहायचा.

"तुम्ही विचारलं कुठी?" तो म्हणाला. "तुम्ही तर पाहत होत्या."

मैना वाचली. त्या वेळी, आणि पुढे आणखी दोन-तीनदा. महागू दर महिन्याला कोसमटोल्याहून येऊन तिला पाहून जाऊ लागला. आजाराची गोष्ट शेवटी गावाला कळलीच. काही बायकांनी शेवंताशी बोलणं सोडलं, काहींनी नाही. मीही ग्रामसभेत उभी राहून रक्ताचा तो आजार समजावून सांगायचा प्रयत्न केला. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या बोलण्यानं किती फरक पडला, मला माहीत नाही.

देवाजी पुन्हा माझ्याबरोबर जंगलात आला नाही. मी बोलवायला गेले तर म्हणाला, "शेवंता येईल जी. तिले जास्त दिसते." ते खरं होतं. पुढची दोन वर्षं शेवंता माझ्याबरोबर हिंडली. लांडीला तुटकान्याच्या वाटेत आडवी बसताना मी तिच्याच बोटाच्या रोखानं पाहिलं, एकदा नाही, नऊ वेळा. माझ्या प्रबंधातलं सगळ्यांत वाखाणलं गेलेलं प्रकरण त्या म्हाताऱ्या मादीवर आहे. पहिली नोंद कुणाची आणि कुठल्या मंगळवारची, हे मी तळटीपेत लिहिलं. त्या नोंदीवर आधी मी काय लिहिलं होतं, ते लिहिलं नाही.

शेवंताला घ्यायला मी रोज पहाटे त्यांच्या अंगणाशी जायचे. देवाजी आधीच उठलेला असायचा. "जोहार, बाई," म्हणायचा, टोळी कुठल्या बाजूला गेली ते सांगायचा, कधी चहाही द्यायचा. वागण्यात काही कमी नव्हतं त्याच्या. फक्त मैना अंगणात खेळत असली, तर मी कुंपणाशी पोहोचायच्या आत तो तिला उचलून घरात ठेवून यायचा, आणि मग माझ्याशी बोलायला बाहेर यायचा. दोन वर्षांत एकदाही त्यानं ते चुकवलं नाही.